अर्धशिशी आणि विषाद

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव, संतांचीं डोकीं थापटून पाहणाऱ्या गोरोबाकाकांचें म्हणून सर्वांस परिचित आहे. त्याहून फार पूर्वीं, तगर या नांवानें, तें ग्रीक व्यापाऱ्यांसही ठाऊक होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगरचें कापड गाड्यांतून भडोच बंदरास जातें, अशी नोंद आहे. त्याच बंदरांतून कोष्ठ नांवाचें सुगंधी मूळ पश्चिमेस जाई. चरकसंहितेंतील डोकेदुखीच्या एका लेपांत हेंच मूळ चंदन व तूप यांसह सांगितलें आहे.

औषधाचें मूळ असें समुद्रापार गेलें. दुखण्याचा विचार मात्र दोहों देशीं निरनिराळ्या टोंकांनीं झाला. सुश्रुतानें अर्धावभेदकाचें, म्हणजे आपल्या घरोघरच्या अर्धशिशीचें, वर्णन केलें: अर्धें मस्तक टोंचतें, भोंवळ येते, दुखणें पंधरा दिवसांनीं, दहा दिवसांनीं वा अकस्मात् उठतें. चरकानें शिरोरोगाचीं कारणें देतांना जागरण, धूर व पूर्वेचा वारा यांच्या पंक्तीस रडणें, आलेले अश्रू दाबणें आणि मनस्ताप हींही बसविलीं. धूर आणि दाबलेले अश्रू एकाच यादींत! ती करणाऱ्यानें स्वयंपाकघर जवळून पाहिलें असावें.

ग्रीक वैद्य आरिटीअस उलट बाजूनें निघाला. अर्धें डोकें दुखणारा रोगी उजेडापासून पळतो, अंधारांत त्यास बरें वाटतें, आणि पुढें जीव नकोसा होऊन तो मरण इच्छितो, असें त्यानें लिहून ठेविलें.

चरक मनाकडून मस्तकाकडे गेला, आरिटीअस मस्तकाकडून मनाकडे. खरें कोणाचें? अमेरिकेंत डेट्रॉइट भागांतील २१ ते ३० वर्षांच्या सुमारें १,००० तरुणांचा नाओमी ब्रेस्लाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं साडेतीन वर्षें मागोवा घेतला. १९९४ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अर्धशिशी असलेल्यांस पुढें विषादरोग जडण्याचा संभव सुमारें तिप्पट. विषादरोग असलेल्यांस नव्यानें अर्धशिशी होण्याचा संभवही जवळजवळ तितकाच. एक दुसऱ्याचें केवळ फळ असतें, तर वाट एकाच दिशेची दिसती. म्हणून दोहोंच्या मुळाशीं कांहीं समान कारण असावें, असें वैद्यकास वाटूं लागलें.

आपल्याकडे मात्र दार लोटून अंधारांत पडलेल्या सुनेस ‘सोंग करते’ म्हणण्याची चाल जुनी. फार तर कपाळास सुंठीचा लेप मिळतो. झोंप कां उडाली, घांस कां उतरत नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. वैद्यापुढेंही ती डोकेंच सांगते, आणि पुडीही डोक्याचीच मिळते. आरिटीअसनें लिहिलेली शेवटची अवस्था तोंवर कदाचित् जवळ आलेली असते.