हितगुजाची किंमत

भोपाळच्या इंद्रपुरीतली एखादी मराठी गृहिणी दुपारच्या निवांत वेळी कादंबरी उघडून बसली, तर आज त्यात कुणाला वावगे वाटत नाही. श्रोतेहो, हा निवांतपणा मात्र सुखासुखी मिळालेला नव्हे.

हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढले. त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू आपली कहाणी स्वमुखे सांगते. मैत्रीण दुर्गी हिचे दुःखही तितक्याच जिव्हाळ्याने सांगते. स्त्रियांचे हितगुज घरोघर वाचले जाऊ लागले, तरी लेखणी पुरुषाचीच होती.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. शिकलेल्या, अविवाहित मुलींची मने त्यात उघड झाली आणि मोठे वादळ उठले. लेखिका विभावरी शिरूरकर. पण हे टोपणनाव होते. त्यामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर.

यमूच्या आवाजाने हरिभाऊंची कीर्ती वाढली. तोच आवाज स्त्रीने स्वतःचा म्हणून काढला, तेव्हा तिला नाव झाकावे लागले. अशा पुस्तकांना केवळ करमणूक म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही किंमत विसरू नये.