कुलूपबंद अक्षरं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहानशा संस्थेनं मला बोलावलं. नवऱ्यानं टाकलेल्या, तलाक दिलेल्या बायकांना कायद्याची मदत मिळवून देणारी ही संस्था. आपलं पंधरा वर्षांचं काम इंटरनेटवर ठेवायचं तिनं ठरवलं होतं आणि मजकुरावर नजर फिरवायला मराठी लिहिणारा कुणीतरी हवा होता. तिथल्या तरुण कार्यकर्तीनं जुनी सीडी लावून एक फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, सगळा पाचोळा! ती म्हणाली, "चाचा, फाइल बिघडलीये."

फाइल बिघडलेली नव्हती. संगणक घडला तो इंग्रजीसाठी. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं. त्या घरांत आपले काने, मात्रा, अर्धी अक्षरं कशीबशी बसवलेली. संगणक आपला इंग्रजीच लिहीत असायचा, वर मराठीचा मुखवटा. तो फाँट नसला की मुखवटा गळून पडायचा. शिवाय प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी निराळी.

गंमत अशी, की या कुलपाची आणि किल्लीचीही बरीचशी घडण पुण्यातच झाली. 'परम' महासंगणकामुळे आपल्याला ठाऊक असलेली 'सी-डॅक' ही संस्था १९८८ साली पुण्यात सुरू झाली. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचं तंत्र तिनं पुढे वाढवलं. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं 'इस्की' ही प्रमाण सांकेतिक पद्धत जाहीर केली. फाँट कोणताही असो, 'क' चा क्रमांक एकच, ही तिच्यामागची कल्पना. पण छपाईच्या धंद्याला हवी होती देखणी अक्षरं. पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची 'श्रीलिपी' डीटीपीच्या दुकानांत रुळली. संस्थेचा कार्यकर्ता हस्तलिखित घेऊन दुकानात जायचा आणि अहवाल छापून आणायचा. अहवाल सुंदर दिसायचा, तक्रार कशाला करायची?

१९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. ती सामान्य माणसाच्या टेबलावर पोचायला मात्र 'विंडोज २०००' यावं लागलं. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तरीही कितीतरी संस्था जुन्याच फाँटमध्ये लिहीत राहिल्या. सवय, दुसरं काय!

नव्या माध्यमाची भीती या शहराला तशी नवी नाही आणि हौसही नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. चारच वर्षांत, १ जानेवारी १८७७ ला, कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' साप्ताहिक काढलं. पैशाची ओढाताण झाली, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईहून चालवलं. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्या नावात फुले आहेतच. त्याआधी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिला दलवाईंबरोबर मुंबईत विधिमंडळावर चालत गेल्या होत्या. सात बायका, उघड्या तोंडानं, भर रस्त्यात. तलाकपीडितेचं दुःख चार भिंतींबाहेर आलं ते असं.

आमच्या फाइली रूपांतर करणाऱ्या एका प्रोग्रॅममधून काढल्या. बहुतेक मजकूर उलगडला, पण मराठीचा तो खास 'ऱ' काही केल्या येईना. 'कोऱ्या कागदावर' चं झालं 'कोर्या कागदावर' आणि 'नवऱ्यानं' चं 'नवर्यानं'. त्या जबान्यांत हा शब्द किती वेळा येतो, हे सांगायला नको. दोन महिने मी संध्याकाळी बसून नवरे दुरुस्त करत होतो.

ते करताना एक गोष्ट ध्यानात आली आणि हात थांबला. जबानीत बाईचं नाव होतं, मोहल्ला होता, मुलांची नावं होती. कपाटातल्या कागदावर ती सुरक्षित होती. जुन्या फाँटमध्येही एका अर्थी सुरक्षितच, कारण शोधयंत्राला तो पाचोळाच दिसणार. आता युनिकोडमध्ये आल्यावर जगात कुणीही नाव टाइप केलं, की पंधरा वर्षांपूर्वीची मारहाण क्षणात समोर. आम्ही ज्याला कुलूप म्हणत होतो ते या बायकांचा पडदाही होतं, आणि तो काढण्याआधी कुणी त्यांना विचारलंच नव्हतं!

मी आग्रह धरला. बैठकीत थोडी कुरबूर झाली, कारण नावांशिवाय कामाला वजन येत नाही असं काहींना वाटत होतं. अखेर ज्या सापडतील त्या बायकांना विचारायचं आणि बाकीच्यांची नावं गाळायची, असं ठरलं. काहींचा पत्ताच लागला नाही. काहींनी हात जोडून नको म्हटलं. साठीच्या एक बाई मात्र स्वतः आल्या. कार्यकर्तीनं त्यांची जबानी वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, एके ठिकाणी तारीख चुकलीय म्हणून सांगितलं आणि म्हणाल्या, "मेरा नाम रहने दो. बेटी का निकालो, उसका ससुराल है."