तळटीप : ‘इन युटेरो’

* ‘इन युटेरो’ (१९९३) : ‘निर्वाणा’ या अमेरिकन वाद्यवृंदाची तिसरी व अखेरची स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका. ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) या आधीच्या मुद्रिकेच्या अफाट खपामुळे ज्यांच्याकडून तशाच घोटीव नादाची अपेक्षा होती, त्या या मंडळींनी १९९३ च्या फेब्रुवारीत मिनेसोटा राज्यातील पॅकिडर्म स्टुडिओत, स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाच्या देखरेखीखाली, अवघ्या दोनेक आठवड्यांत हे काम पुरे केले. आणि विक्रीवरील स्वामित्वधनावर हक्क वादकांचाच, अशी दृढ धारणा असल्यामुळे अल्बिनीने केवळ ठरीव मेहनतान्यावर ही कामगिरी पत्करली, हे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. डेव्ह ग्रोलच्या ढोलवादनात आघातासमवेत त्या दालनाचा घुमाराही जो ऐकू येतो, ते अल्बिनीच्या ध्वनिग्राहक-मांडणीचे कौशल्य होय. पुढे ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ व ‘ऑल अपॉलॉजीज’ या दोन गीतांच्या ध्वनिमिश्रणात स्कॉट लिट याच्याकरवी फेरफार करविण्यात आले. ‘निर्वाणा’चा गायक कर्ट कोबेन याच्या एप्रिल १९९४ मधील आत्महत्येचे पूर्वचिन्ह म्हणूनच ही मुद्रिका ऐकण्याचा जो प्रघात पडला आहे, तो तिच्यातील रचनाशिस्तीवर, विशेषतः चेलोच्या साथीने खुलणाऱ्या ‘डम्ब’सारख्या संयत गीतावर, अन्याय करणारा आहे. ‘ग्रंज’ या रॉक-संप्रदायातील इतकी निर्भीड कृती आमच्या मते दुसरी नाही. — संपा.