रतनपूरची सहल

रायपूरला बदली झाली की इथली मराठी मंडळी महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला शोधून काढतात. आणि फौजी माणूस सापडला की काम ठरलेलं: "साहेब, यंदाची सहल तुम्ही बघा."

बेचाळीस माणसं, एक बस, एक दिवस. सगळ्यांचा कल सिरपूरकडे होता, कारण ते जवळ. मी रतनपूर सुचवलं. रायपूरहून बिलासपूर साधारण ११५ किलोमीटर, पुढे आणखी २५. लांब आहे, पण छत्तीसगढमधलं मराठ्यांचं राज्य जिथून चाललं, ते गाव इथल्या निम्म्या मराठी माणसांनी पाहिलेलं नाही.

आधी एका रविवारी रेकी केली. अकादमीत शिकवलेली एक गोष्ट सहलीलाही लागू पडते: हिशोब परतीच्या वेळेपासून उलटा करायचा. रात्री आठला घरी, म्हणजे चारला निघायचं. म्हणजे साडेतीनला रामटेकडीवरून खाली. म्हणजे जेवण साडेबाराला. नवरात्र टाळायचं, कारण तेव्हा महामायेच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. चढ ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी खाली सावलीची जागा. दर दहा जणांमागे एक जबाबदार माणूस, आणि बस हलण्याआधी मोजणी.

अडचण आली ती बॅनरवर. एका उत्साही तरुणाने मजकूर आणला: 'मराठ्यांच्या पराक्रमाच्या वाटेवर'. मी म्हटलं, छापायच्या आधी तिथे काय झालं ते बसमध्ये सांगू या, मग ठरवा. छपाई थांबली. सांगायचं काम माझ्याकडेच आलं.

रतनपूर ही कलचुरींची जुनी राजधानी, अकराव्या शतकात रत्नदेवाने वसवलेली. १७४१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन इथे आला. त्याचं खरं लक्ष्य बंगाल होतं. फौजेला रोज धान्य आणि चारा लागतो, तो सगळा नागपूरहून वाहून नेणं शक्य नव्हतं. वाटेत भाताचा हा सुपीक मुलूख होता, आणि बंगालकडे जाताना पाठ सुरक्षित हवी होती. सैनिक म्हणून मला तो निर्णय पूर्ण कळतो.

पण किल्ल्यात कोण होतं? म्हातारा राजा रघुनाथसिंह, मुलाच्या मृत्यूने खचून राज्यकारभार सोडून बसलेला. तोफांनी वाड्याचा काही भाग पडला, तेव्हा राणीने तटावर चढून शरणागतीचं निशाण लावलं, अशी हकिगत गॅझेटिअरमध्ये आहे. गावावर एक लाख रुपये दंड बसला. लढाई म्हणावी असं काही झालंच नाही. फौज पुढे बंगालमध्ये गेली. तिथल्या अंगाईगीतांत 'बर्गी' आजही मुलांना भीती घालायला येतात. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्करपंताला मानकरा इथे बोलणीसाठी बोलावून दग्याने मारलं.

बसमध्ये शांतता झाली. मागच्या सीटवरून एक आजोबा म्हणाले, "माझ्या आजोबांपासून आम्ही इथलेच. तो लाख रुपये दंड आम्ही घेतला म्हणायचं, की आम्ही भरला?" मला उत्तर देता आलं नाही. आमचा ड्रायव्हर बिलासपूरकडचा. त्याने फक्त आरशातून एकदा मागे पाहिलं.

मग दुसरा भाग सांगितला. १७५८ मध्ये रघुजींचा मुलगा बिंबाजी रतनपूरला आला आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. टेकडीवरचं राममंदिर त्याचं. नावात नागपूरजवळच्या रामटेकची आठवण आहे. दसऱ्याला सोनं वाटण्याची रीत आणि मोडी लिपी त्याच्या काळात इथे रुजली, असं छत्तीसगढच्या मुलांना शिकवतात. त्याच्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. वसुली चालू राहिली, पण इथे राहणारा राजा उरला नाही. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट इथून गेला तेव्हा रतनपूर उतरणीला लागलं होतं आणि रायपूर त्याहून मोठं झालं होतं. १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्यालय रायपूरला हलवलं. आपली बस आज रायपूरहून निघाली, त्याचं मूळही त्यातच आहे.

भास्करपंत इथून नुसता गेला, बिंबाजी राहिला. लोकांच्या लक्षात दोघेही आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी. वीसेक वर्षांत माझ्या इतक्या बदल्या झाल्या, की हा फरक मला स्वतःलाही लागू करून पाहावा लागतो.

महामायेचं दर्शन झालं, हाथी किल्ल्याच्या पडक्या भिंती पाहिल्या, पुरीभाजी संपली. रामटेकडीवर आजोबा हट्टाने चढले. खाली उतरायला वेळ लागला आणि माझं वेळापत्रक चाळीस मिनिटं कोलमडलं. कुणी तक्रार केली नाही. उतरल्यावर ड्रायव्हरने त्यांना हात देऊन बसमध्ये चढवलं आणि विचारलं, "बबा, मंदिर सुंदर हे ना?"

मोजणी केली. बेचाळीस.

बॅनर शेवटी छापलाच नाही. तरुणाने स्वतःच सांगितलं, समोरच्या काचेवर 'रतनपूर सहल' एवढा कागद पुरे. पुढच्या वर्षी सिरपूर. तोपर्यंत मी इथे असलो तर रेकी माझ्याकडे, नसलो तर हिशोबाची वही मंडळींकडे देऊन ठेवली आहे.