संक्षारण, किनारी वातावरणीय
समुद्री हवेतील मीठ व गंधकाची प्रदूषके यांमुळे धातूंची होणारी झीज (पहा: संक्षारण).

फुटणाऱ्या लाटांतून उडालेले खारे तुषार वाऱ्याबरोबर येऊन धातूवर बसतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की सोडियम क्लोराइड हवेतील ओलावा शोषून विरघळते. पृष्ठभागावर विद्युत्‌वाहक पाण्याचा पातळ थर तयार होतो व क्लोराइड धातूचे संरक्षक पटल भेदते. कोळसा व खनिज तेलाच्या ज्वलनातील सल्फर डाय-ऑक्साइडपासून सल्फ्यूरिक अम्ल बनते. लोखंडावर तयार झालेल्या फेरस सल्फेटपासून ते पुन्हा मुक्त होत असल्याने अल्प गंधकानेही पुष्कळ गंज चढतो. जस्ताच्या लेपावरील सल्फेट विद्राव्य असल्याने पावसात धुऊन जाते. मात्र पाऊस साचलेले मीठही धुतो. म्हणून आडोशाचे भाग अनेकदा अधिक गंजतात.

मुंबईत समुद्र आणि चेंबूर–तुर्भे परिसरातील तेलशुद्धीकरण व खत कारखाने लगत असल्याने दोन्ही घटक एकत्र येतात. किनाऱ्यापासून मिठाचे प्रमाण झपाट्याने घटते. दूर अंतर्भागातील येलदरी (परभणी जिल्हा) धरणाच्या दरवाजांवर त्याचा प्रभाव नगण्य असतो. गोव्यातील मांडवी पूल १९८६ मध्ये कोसळला, त्यामागे पूर्वप्रतिबलित पोलादी तारांचे संक्षारण हे प्रमुख कारण मानले जाते (पहा: पूल, प्रतिबलित काँक्रीट).