समुद्र नसलेल्या मुलखाचा किनारा

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, हे मराठवाड्यातलं पोरही शाळेत पाठ करतं. त्यातला हातभरही आपल्या वाट्याला आलेला नाही, हे त्याला त्याच वयात नकाशावरून कळतं. तरीही नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला एक समुद्र आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातल्या, म्हणजे दहाव्या शतकातल्या, कंधारच्या शिलालेखात तिथल्या तलावाचं नाव ‘जगत्तुंगसमुद्र’ असं आलं आहे. जगत्तुंग हे राष्ट्रकूट घराण्यातलं बिरुद. तिसरा गोविंद याच नावानं ओळखला जाई. तलावाला समुद्र म्हणण्यात राजघराण्याची फुशारकी आहे हे उघडच आहे, आणि दख्खनच्या पठारावर अशी नावं ठायी ठायी सापडतात. पण गेली काही वर्षं फाल्गुन-चैत्रात नांदेड आणि लातूरमधल्या तलावांच्या, धरणांच्या आणि गोदावरीच्या काठानं दुर्बीण घेऊन हिंडताना मला हे नाव निव्वळ फुशारकीचं वाटेनासं झालं आहे. या मुलखाला किनारा आहे. तो कधी तयार झाला, त्यावर कोणाची वस्ती आहे आणि त्याची मालकी कोण ठरवतो, याचा एक इतिहास आहे. पक्ष्यांमागे फिरता फिरता तो माझ्या हाती लागला, म्हणून तो पक्ष्यांच्याच अंगानं सांगतो.

कोकणात ओहोटी दिवसातून दोनदा येते. इथं ती वर्षातून एकदाच येते. भाद्रपद-आश्विनात जलाशय भरतो, ती भरती. मग कालवे सुटतात, काठावरच्या मोटारी सुरू होतात, ऊन तापतं आणि पाणी मागं सरायला लागतं. होळीच्या सुमाराला सपाट काठाच्या तलावात पाण्याची कड दिवाळीच्या जागेपासून कितीतरी आत गेलेली असते आणि मध्ये उरतो तो ओला, काळा, अळ्या-किड्यांनी भरलेला गाळ. पाणपक्ष्यांना हवा असतो तो या गाळाचा अगदी कडेचा पट्टा, ना कोरडा ना बुडालेला. छोटा टिलवा हा चिमणीएवढा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. कोकणातल्या खाडीचा चिखल आणि मन्याडच्या काठचा गाळ त्याला सारखेच. शेकाट्या आपल्या लांब लाल पायांवर जरा खोल पाण्यात उभा राहतो, टिलव्याला मात्र त्याच्या बोटभर पायांपुरतंच पाणी लागतं. चैत्रात हे पाहुणे परतीच्या वाटेवर असतात. पुढं हजारो किलोमीटर उडायचं असतं, म्हणून ते अधाशासारखे खातात. वसंतातली ही ओहोटी म्हणजे त्यांची शिदोरी.

पक्षी पाहून जागेविषयी काही ताडणं हे काही साहेबांनी आपल्याला शिकवलेलं नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे याच गोदावरीच्या खोऱ्यातल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या संग्रहात, कमळाच्या पानावर निश्चल बसलेल्या बलाकेची एक प्रसिद्ध गाथा आहे. मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त ती व्यंजनेचं उदाहरण म्हणून घेतली. पक्षी हलत नाही म्हणजे त्याला भय नाही. भय नाही म्हणजे जागा निर्जन आहे. आणि निर्जन आहे म्हणजे भेटीला योग्य आहे, असा तो अर्थांचा जिना. काव्यशास्त्राला त्यातला शृंगार महत्त्वाचा. मला पहिली पायरीच पुरते. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कुणीतरी बगळ्याच्या स्तब्धतेवरून माणसाच्या गैरहजेरीचा पुरावा काढला होता, आणि ही रीत आजही चुकत नाही.

शास्त्रीय नोंदींचा इतिहास मात्र बराच अलीकडचा आहे आणि त्यात एक गंमत आहे. सालिम अली बर्लिनहून एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून परतले तेव्हा त्यांना मुंबईत नोकरी उरली नव्हती. १९३० मध्ये ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि तिथं त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचा अभ्यास केला. तो त्यांचा समुद्रकाठचा काळ. मग त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढं प्रस्ताव ठेवला की, संस्थानांनी फक्त खर्च द्यावा, मी पगाराशिवाय तिथल्या पक्ष्यांची पाहणी करतो. पहिलं संस्थान निघालं ते हैदराबाद. १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली आणि ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह तिचा वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये क्रमशः छापला गेला. नांदेड तेव्हा निजामाचा जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं; त्याचा वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावं लागलं. मराठवाड्याच्या पक्ष्यांवर लिहिणारा कोणीही आजही या वृत्तांतापासूनच सुरुवात करतो आणि ते योग्यच आहे.

पण सालिम अली या संस्थानात फिरत होते तेव्हा मी ज्या किनाऱ्यानं चालतो तो बहुतेक अस्तित्वातच नव्हता. मांजरा नदीवर खाली तेलंगणात निजामसागर १९३१ मध्ये, नेमका त्या पाहणीच्या तोंडावर, पुरा झाला होता. लातूरकरांच्या तोंडी असलेलं धनेगावचं मांजरा धरण नव्हतं, मन्याडवरचा निम्न मानार प्रकल्प नव्हता, नांदेडजवळच्या असर्जनचा विष्णुपुरी बंधारा नव्हता. वर पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. खाली पोचमपाडची कोनशिला पंडित नेहरूंनी १९६३ मध्ये बसवली आणि त्याचा फुगवटा पुढं नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला येऊन भिडला. त्यामुळं १९३१-३२ ची पाहणी ही माझ्या लेखी एका किनारा नसलेल्या देशाची नोंद आहे: नदीपात्रातली वाळू, गावतळी आणि कंधारसारखे जुने राजतलाव एवढीच तिथली पाण्याची कड. आजचा किनारा स्वातंत्र्यानंतरचा आहे. तो पाटबंधारे खात्यानं बांधला, खातं मोजत होतं ते फक्त पाणी, आणि गाळ आपोआप आला.

हा किनारा रिकामा मात्र कधीच राहिला नाही. पाणी उतरलं की उघडी पडणारी जमीन गाळपेर म्हणून ओळखली जाते आणि ती कसायला भाडेपट्ट्यानं देतात. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा तिच्यावर हक्क आधी, अशी रीत आहे. म्हणजे बापाची बुडालेली जमीन मुलाला वर्षातून चार महिने परत मिळते, तीही दरवर्षी पाणी ठरवील तेवढीच. हरभरा, ज्वारी, चाऱ्याची मका, कुठं काकडी-टरबूज. मांजराच्या काठावर एका वाफ्याशी थांबलो असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हटकलं, “काय बगायलाव सर? पाणी मोजायला आलाव का?” म्हटलं, “नाही मामा, पाखरं बघायलो.” तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. “मग बगा की. मोजायला आलेल्या मान्साचं भ्या ऱ्हातंय.” पुढं त्यांनीच मला टिटवीची चार अंडी दाखवली. नांगर त्या जागेला वळसा घालून गेला होता. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला, खोलगटात घातली तर कमी, हा ठोकताळा आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. हवामानशास्त्र म्हणून त्याचं काय व्हायचं ते होवो, त्यापायी अंडी वाचतात एवढं खरं.

ओहोटी हाताबाहेर गेली की काय होतं हे लातूरनं २०१६ मध्ये पाहिलं. मांजरा धरण आटलं. कृष्णेचं पाणी मिरजेहून रेल्वेनं सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणावं लागलं. ‘जलदूत’ची पहिली खेप १२ एप्रिलला लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी झाली. त्या चैत्रात धरणाच्या तळाला भेगा होत्या. कोरड्या गाळात चोच शिरत नाही. पाण्याविना ओहोटी म्हणजे नुसतं माळरान. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणीतून मांजरेचं पात्र खोल-रुंद केलं आणि २०१७ पासून राज्यभर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. तहानलेल्या शहरानं हे केलं, त्याला नावं ठेवायचा अधिकार पक्षी पाहणाऱ्याला नाही. हलक्या रानात धरणाचा गाळ पडला की पीक कसं उभं राहतं हेही मी पाहिलं आहे. तरी पोकलेननं काठाशीच उभा खड्डा घेतला की तिथला उतार जातो, आणि उतार गेला की किनारा जातो. टिलव्याला दोन बोटं पाणी लागतं, दहा फुटांची कडा नाही. गाळ काठाऐवजी आत, खोल भागातून घेतला तर धरणाची साठवण तेवढीच वाढते. काठापर्यंत ट्रॅक्टर सहज पोचतो, एवढंच काठ उकरण्याचं कारण.

नांदेडच्या बाजूला या किनाऱ्याची गोष्ट निराळी आहे, कारण तिथं ओहोटीची तारीख न्यायालयानं ठरवली आहे. धर्माबाद तालुक्यातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा हा दोन राज्यांतला मोठा वाद. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बंधाऱ्याला मान्यता दिली, पण अटी घालून: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचा, म्हणजे आता तेलंगणाचा, तो वाटा. निकालपत्रात शेतकरी आहेत, दोन सरकारं आहेत, घनफुटांचा हिशोब आहे आणि तो असायलाच हवा होता.

पण मार्च हा वाळूवरच्या पक्ष्यांचा विणीचा महिना आहे. नदी सुरय आणि छोटा आर्ली घरटं बांधत नाहीत. पात्रातल्या वाळूच्या बेटावर पायानं खळगी करतात आणि वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी घालतात. चहूकडं पाणी असेल तर कुत्री-कोल्ही पोचत नाहीत, म्हणून बेट हवं; आणि बेट तर पाण्यापासून वीतभरच वर असतं. वाळूचा उपसा होतो तो याच बेटांवरून आणि याच महिन्यांत. पंचतंत्रातल्या टिट्टिभाची अंडी समुद्रानं नेली तेव्हा पाखरं गरुडाकडं गेली, गरुड विष्णूकडं गेला, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. इथं पाणी चढण्याची तारीख आधीच छापलेली आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बंधाऱ्याखालच्या बेटांवर कुठं अंडी आहेत हे दुर्बिणीतून काठावर उभं राहूनही दिसतं, आणि दारं एकदम न उचलता पाणी चार-सहा दिवसांत हळूहळू सोडलं तरी ०.६ टीएमसी पुरं होतं.

यंदाही मी २७ फेब्रुवारीला तिथं होतो. बंधाऱ्याखालच्या दुसऱ्या बेटावर आर्लीची अकरा घरटी मोजली. सुरयांची जोडी अजून नुसतीच खळगी करून पाहत होती, मासा तोंडात धरून नर तिच्याभोवती फिरत होता.