दूरशिक्षण, कोल्हापुरातील

दूरशिक्षण, कोल्हापुरातील : नोकरी किंवा धंदा न सोडता, छापील पाठ, सुटीच्या दिवशीची संपर्क सत्रे आणि नेमून दिलेल्या केंद्रावरील परीक्षा यांच्या आधारे पदवी वा पदविका मिळवण्याची व्यवस्था. जिल्ह्यात तिला सर्रास ‘एक्स्टर्नल’ (बहिःस्थ) म्हणतात. पण दोन्हींत फरक आहे. बहिःस्थ विद्यार्थी फक्त नाव नोंदवून परीक्षेला बसत असे आणि पुस्तकांची सोय त्याची त्यानेच करायची असे. दूरशिक्षणात अभ्याससाहित्य व मार्गदर्शन पुरवण्याची जबाबदारी विद्यापीठावर असते.

पूर्वपीठिका : टपालाने शिकवण्याचा परिचित आरंभ आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये इंग्लंडात लघुलेखनाच्या धड्यांनी केला. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. शाहू छत्रपतींच्या संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला होता आणि वसतिगृहांची परंपरा त्याही आधीची होती. मात्र हे सारे मुलांसाठी होते. संसाराला लागलेल्या माणसाच्या शिक्षणाची स्वतंत्र सोय फार उशिरा झाली. आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ.

संस्था : नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. त्याचे एक विभागीय केंद्र कोल्हापुरात असून प्रत्यक्ष कामकाज गावोगावच्या महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रांमार्फत चालते. शिकवणाऱ्याला येथे ‘संमंत्रक’ म्हणतात. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढांसाठी ‘पूर्वतयारी’ हा शिक्षणक्रम ठेवलेला आहे आणि त्यातून पदवीपर्यंत जाता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या विद्यापीठाचे सर्वांत मोठे काम हेच होय. शिवाजी विद्यापीठाने या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतःचे दूरशिक्षण केंद्र उघडले, बी. ए., बी. कॉम., एम. ए., एम. कॉम. आणि गणितातील एम. एस्सी. हे तेथील प्रमुख अभ्यासक्रम. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली व सातारा असे आहे. सोलापूर २००४ मध्ये वेगळे झाले.

स्वयंअध्ययन पुस्तके : या व्यवस्थेचा खरा कणा. शिवाजी विद्यापीठाच्या केंद्राची पुस्तके मुख्यतः परिसरातील महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी लिहिलेली आहेत. प्रत्येक घटकाची मांडणी ठरलेली असते : उद्दिष्टे, प्रास्ताविक, विषयविवेचन, पारिभाषिक शब्द, स्वयंअध्ययनासाठी प्रश्न, त्यांची उत्तरे, सरावासाठी स्वाध्याय आणि शेवटी अधिक वाचनासाठी ग्रंथ. मधले प्रश्न बहुधा एका वाक्यात उत्तरे द्या, रिकाम्या जागा भरा, योग्य पर्याय निवडा अशा स्वरूपाचे असतात. वर्गात शिक्षक थांबून ‘कळलं का?’ असे विचारतो, त्या जागी हे प्रश्न आहेत. दुसऱ्या पाळीवरून आलेल्या माणसाला रात्री अर्धा तास मिळतो. तेवढ्यात संपेल असा तुकडा पाडणे हे लेखकाचे कौशल्य होय. ते सर्वांना साधलेले नाही. इतिहास, समाजशास्त्र व मराठी यांची अनेक पुस्तके ओघवती आहेत. अर्थशास्त्राच्या काही घटकांत मात्र इंग्रजी वाक्यरचना मराठी लिपीत आल्यासारखी वाटते आणि नेमका एकट्याने वाचणारा विद्यार्थी तिथे अडतो. परिभाषा हीही अडचण आहे : मुक्त विद्यापीठ ‘शिक्षणक्रम’ म्हणते, शिवाजी विद्यापीठ ‘अभ्यासक्रम’. तरीही राज्यशास्त्र किंवा ग्रामीण समाजशास्त्र यांवर सलग मराठी गद्य हवे असेल, तर नियमित महाविद्यालयांतील विद्यार्थीही हीच पुस्तके वापरतात. मराठीतील ज्ञानलेखनाचा इतिहास लिहिताना या पुस्तकांची दखल घ्यायलाच हवी.

बढती : जिल्ह्यात दूरशिक्षणाकडे लोक वळतात ते बहुधा आहे त्या नोकरीत वर सरकण्यासाठी. डी. एड. झालेले प्राथमिक शिक्षक बी. ए. करतात आणि पुढे मुक्त विद्यापीठाचे बी. एड.; दूरस्थ बी. एड. हे सेवेतील प्रशिक्षित शिक्षकांपुरतेच आहे. पदवीधर शिक्षक, केंद्रप्रमुख ही त्यापुढची पदे. तलाठी पदासाठी पदवी लागते, म्हणून सैन्यातून लवकर निवृत्त झालेले तरुणही नाव घालतात.

सहकाराच्या या जिल्ह्यात आणखी एका परीक्षेची नोंद आवश्यक आहे. सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका परीक्षा तांत्रिकदृष्ट्या दूरशिक्षण नव्हे, पण तयारी घरीच करावी लागते. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांतील कारकून लेखांकन, लेखापरीक्षण, सहकारी कायदे अशा सहा विषयांना बसतात. उत्तीर्ण झाल्यावर, अनुभवाच्या अटी पुऱ्या असल्यास, लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी अर्ज करता येतो. टेबलाच्या अलीकडे बसणारा माणूस पलीकडे जातो. दप्तर लिहिणारा दप्तर तपासणारा होतो.

तांत्रिक शिक्षण : शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत व फौंड्रींत काम करणाऱ्या पदविकाधारकांना ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ची ए. एम. आय. ई. ही परीक्षा हा जुना मार्ग होता. अभियांत्रिकी पदवीशी तिची समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नावे नोंदवलेल्यांपुरती राहिली. पत्रद्वारा अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी कडक निकाल दिला. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी हे विषय आता दूरशिक्षणाबाहेर आहेत. वीस वर्षे भट्टीसमोर काढलेल्या कुशल कामगाराला यामुळे दूरशिक्षणाचा पर्याय उरलेला नाही, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव होय.

मान्यता : विद्यापीठ अनुदान आयोगाने २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनेद्वारे मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नियमित पदवीबरोबर एक दूरस्थ पदवी घेण्यास मुभा मिळाली. पीएच. डी. दूरशिक्षणाने करता येत नाही. दहावी-बारावीसारख्या पायाभूत परीक्षांशिवाय मिळवलेल्या पदव्यांच्या ग्राह्यतेवरून वाद झाले आहेत; प्रत्येक पदाच्या जाहिरातीतील अट निर्णायक ठरते.

पेशाबदल : बढतीऐवजी पेशाच बदलू पाहणाऱ्यांचा ओढा ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, संगणक या विषयांकडे असतो.

सीमाभाग : कर्नाटकातील निपाणी, बेळगाव येथील मराठी माध्यमात शिकलेल्या प्रौढांची अडचण वेगळी आहे. राज्य विद्यापीठांचे दूरशिक्षण त्यांच्या कार्यक्षेत्रापुरते आणि राज्य मुक्त विद्यापीठाचे राज्यापुरते मर्यादित असते. कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ (स्थापना १९९६) म्हैसूरला असून तेथील माध्यम मुख्यतः कन्नड व इंग्रजी आहे. मराठीतून शिकवणारी केंद्रे असलेले कोल्हापूर मात्र निपाणीहून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर आहे.